परीक्षेचा हंगाम : चिमूरच्या विद्यार्थ्यांनी उजळणी आणि विश्रांतीचा मेळ कसा घालावा?

फेब्रुवारी लागला की महाराष्ट्रभर दहावी-बारावीचे वेध लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात मात्र परीक्षेच्या जोडीने आणखी बऱ्याच गोष्टी याच दिवसांत येतात : यात्रा, नाटके, रब्बीची काढणी आणि पाठोपाठ मोहफुलांचा हंगाम. शिवाय तालुक्याला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल लागून आहे. शहरातल्या विद्यार्थ्यासाठी बनवलेले अभ्यासाचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालत नाही. मग कोणते चालते?

परीक्षा केव्हा आणि कशी असते?

चिमूर तालुका राज्य मंडळाच्या नागपूर विभागात येतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे या विभागात आहेत. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. दोन्ही परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत चालल्या. त्या वर्षी दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. नागपूर विभागाचा निकाल ९०.७८ टक्के, म्हणजे नऊ विभागांत सर्वात कमी होता.

सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता आणि दुपारचा ३ वाजता सुरू होतो. अर्धा तास आधी केंद्रावर हजर राहावे लागते. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला दहा मिनिटे आधी मिळत असे. २०२३ पासून ती दहा मिनिटे पेपरच्या शेवटी मिळतात. त्यामुळे तीन तासांचा पेपर सकाळच्या सत्रात २:१० ला आणि दुपारच्या सत्रात ६:१० ला संपतो.

याच काळात चिमूरमध्ये काय काय असते?

पहिली गोष्ट यात्रेची. श्रीहरी बालाजी महाराजांची घोडायात्रा माघ महिन्यात भरते आणि तिची वर्दळ महाशिवरात्रीपर्यंत राहते. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. म्हणजे यात्रेचे दिवस आणि बारावीचे पेपर एकमेकांत मिसळले होते.

दुसरी गोष्ट झाडीपट्टीच्या नाटकांची. दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांतल्या गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. शंकरपटही याच दिवसांत असतात. नेमक्या त्याच वेळी शाळांमध्ये पूर्वपरीक्षा आणि सराव परीक्षा सुरू असतात.

तिसरी गोष्ट कामाची. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गव्हाची काढणी असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणीचा हंगाम येतो. बारावीनंतर सीईटी किंवा नीट देणाऱ्यांची तयारी या दिवसांत चाललेली असते. कितीतरी घरांचा वर्षभराचा रोख पैसा या कामांवर अवलंबून असतो. त्यामुळे परीक्षा असली तरी मुलांना हातभार लावावाच लागतो.

थोडक्यात, इथल्या विद्यार्थ्याला सलग पाच-सहा तासांची निवांत बैठक क्वचितच मिळते. वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांत. सुदैवाने स्मरणशक्तीच्या अभ्यासकांच्या मते उजळणीसाठी हे वाईट नाही.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे का?

बहुतेक विद्यार्थी धडा पुन्हा वाचतात, ओळींखाली रेघा मारतात आणि झाली उजळणी असे समजतात. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, म्हणून तो पाठ झाल्याचा भास होतो. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसते. तिथे ओळखून भागत नाही, स्वतःहून आठवावे लागते.

अमेरिकेतील रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याची चाचणी घेतली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने उतारा न पाहता आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

याचा सोपा उपयोग असा : धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. नंतर पुस्तक उघडून काय राहिले ते वेगळ्या शाईने भरावे. पुढच्या वेळी फक्त त्या राहिलेल्या भागाकडे लक्ष द्यावे. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे हाही याचाच प्रकार आहे. महागडे साहित्य लागत नाही, पाठकोरे कागद पुरतात.

तुकड्यातला अभ्यास का टिकतो?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो, असे त्यांना आढळले. दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते, हेही त्यांनी दाखवले.

म्हणून एखादा धडा एकाच दिवशी तीन तास करण्यापेक्षा आज एक तास, दोन दिवसांनी अर्धा तास आणि आठवड्याने पुन्हा अर्धा तास केलेला बरा. शेतावरून आल्यावर मिळालेला अर्धा तास किंवा एसटीची वाट पाहतानाची वीस मिनिटे अशा वेळी कामी येतात. अट एकच : त्या वेळात काय करायचे हे आधी ठरलेले हवे. 'विज्ञान करायचे' एवढे पुरेसे नाही. 'प्रकाशाचे अपवर्तन, तीन आकृत्या न पाहता काढायच्या' असे ठरवले तर वेळ वाया जात नाही.

विश्रांती किती आणि कसली?

इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थी असताना एक पद्धत बसवली. स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून २५ मिनिटे अभ्यास आणि ५ मिनिटे सुट्टी, अशी ती पद्धत. टोमॅटोला इटालियनमध्ये 'पोमोदोरो' म्हणतात, त्यावरून तिला तेच नाव पडले. पंचवीसचा आकडा काही पवित्र नाही. गणिताला चाळीस मिनिटेही चालतील. सुट्टी ठरलेल्या वेळी सुरू व्हावी आणि ठरलेल्या वेळी संपावी, हे महत्त्वाचे.

मोबाइलवर रील्स पाहणे ही विश्रांती वाटते, पण ती पाच मिनिटांत थांबत नाही. डोळे आणि लक्ष पुन्हा पडद्यालाच खिळलेले राहतात. त्यापेक्षा अंगणात फेरी मारणे, पाणी भरणे, गुरांना चारा टाकणे, घरच्यांशी दोन शब्द बोलणे ही कामे डोक्याला मोकळीक देतात.

यात्रेला किंवा नाटकाला जाऊच नये का? यात्रेची दोन तासांची फेरी मन हलके करते. नाटकाचे तसे नाही. ते पहाटेपर्यंत चालते आणि पुढचे दोन दिवस झोपेत जातात. दहावी-बारावीच्या वर्षी नाटक पेपरांच्या बऱ्याच आधी पाहावे.

जंगलाच्या काठावरची फेरी

झाडांमध्ये फिरून आल्यावर लक्ष एकाग्र करणे सोपे जाते, असे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २००८ मधील प्रयोगात दिसले. चिमूरकरांच्या दारात झाडांची कमतरता नाही. पण इथे हा सल्ला जपून घ्यावा लागतो, कारण याच झाडीत वाघ, बिबट आणि अस्वले आहेत. मोहफुले वेचताना माणूस खाली वाकलेला असतो आणि वेळ पहाटेची असते. हल्ल्यांचा धोका अशा वेळी वाढतो.

त्यामुळे पुस्तक घेऊन एकट्याने रानात किंवा नाल्याकाठी बसू नये. फिरायचे तर उजेडात, गावात किंवा वस्तीलगत. मोहाला जायचेच असेल तर उजाडल्यावर, गटाने आणि आवाज करत जावे.

दुपारच्या सत्राचा पेपर ६:१० ला संपतो आणि फेब्रुवारीअखेर सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. जंगलातल्या रस्त्याने सायकलवर परतणाऱ्यांनी अशा दिवशी सोबत, एसटी किंवा नातेवाइकांकडचा मुक्काम आधीच ठरवून ठेवावा. वन्यप्राणी दिसल्यास वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

झोप का सोडू नये?

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेतही चालू असते. रात्रभर जागून सकाळी ११ च्या पेपरला बसणारा विद्यार्थी पाठ केलेलेही विसरतो. पेपरच्या आदल्या रात्री नवीन धडा उघडू नये. हॉलतिकीट, पेन आणि पाण्याची बाटली भरून ठेवावी आणि झोपावे.

पेपर अवघड गेला तर?

पेपरनंतर उत्तरे जुळवत बसल्याने झालेले गुण बदलत नाहीत, पुढच्या पेपरची तयारी तेवढी बिघडते. एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेश घेता येतो. म्हणजे एका पेपरने वर्ष बुडत नाही.

भीतीने झोप येत नसेल, सतत रडू येत असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर घरच्यांना किंवा शिक्षकांना लगेच सांगावे. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांनी अधीक्षकांना सांगावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. राज्य मंडळही परीक्षेच्या काळात विभागवार समुपदेशक नेमते आणि त्यांचे क्रमांक जाहीर करते.

पालकांनीही एवढे करावे : पेपरच्या आदल्या दिवशी मुलाला काढणीच्या कामातून मोकळे ठेवावे आणि मुलीलाही तीच सवलत द्यावी. अनेक घरांत मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी चुलीपाशी. पेपर मात्र दोघांनाही सारखाच असतो.