विहिरीचा जीर्णोद्धार

देवालयाच्या शिखरास तडा गेला, म्हणजे गावची मंडळी सभामंडपात जमतात, वर्गणीची यादी होते आणि जीर्णोद्धाराचा संकल्प सोडला जातो. त्याच गावातील एखाद्या शेतावरची विहीर बंद पडली, तर मात्र तो त्या शेतकऱ्याचा खासगी प्रश्न ठरतो. पंप बिघडला असेल तर मिस्त्री बोलवावा, झरे आटले असतील तर नवी बोअर मारावी आणि शेजाऱ्याने हरकत घेतली तर वकिलाकडे जावे, हा आजचा क्रम आहे. आपल्या शास्त्रकारांनी मात्र देवालय आणि विहीर यांची गणना एकाच यादीत केली होती. वापी, कूप, तडाग आणि देवतायतन ही सर्व ‘पूर्त’ कर्मे होत. आणि ती जो नव्याने बांधतो त्यालाच नव्हे, तर मोडकळीस आलेली जो उद्धरतो त्यालाही पूर्ताचे फल मिळते, असे स्मृतिकारांनी सांगून ठेवले आहे. विहीर बांधणे आणि विहीर चालती ठेवणे ही दोन निराळी कर्तव्ये आहेत, हे त्यांनी ओळखले होते. ह्या दुसऱ्या कर्तव्याचा इतिहास थोडक्यात पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कौटिल्याने हा विषय पुण्याच्या कोटीतून काढून थेट व्यवहाराच्या कोटीत आणला. अर्थशास्त्रात नवे तळे अथवा बांध घालणाऱ्यास पाच वर्षांची करमाफी सांगितली आहे. आणि मोडलेले, टाकून दिलेले काम पुन्हा उभे करणाऱ्यास चार वर्षांची. म्हणजे नवनिर्मिती आणि दुरुस्ती यांच्या प्रतिष्ठेत अंतर अवघे एका वर्षाचे. याहून महत्त्वाचा नियम पुढचा आहे. ज्याने आपला बांध आपत्तीवाचून पाच वर्षे निकामी पडू दिला, त्याचे त्यावरील स्वामित्व लोप पावते. नियम तळ्याबांधांविषयीचा असला, तरी त्यातील तत्त्व विहिरीसही लागू पडते. पाण्याच्या साधनाची मालकी ही ते चालते ठेवण्याच्या जबाबदारीशी बांधलेली आहे, हे ते तत्त्व होय. पुढे आपल्या कायद्याने नेमका हाच धागा सोडून दिला. पण ती गोष्ट यथाक्रम येईल.

आमच्या बेळगावकडील आणि देशावरील शेतीत शतकानुशतके विहिरीचे यंत्र म्हणजे मोट. चामड्याची मोट, तिच्या सोंडेस बांधलेली सोंदूर नावाची दोरी, सारा भार पेलणारा नाडा, विहिरीच्या तोंडावरचे चाक, बैलांची उतरती धाव, पाणी पडण्याचे थारोळे आणि तेथून पिकापर्यंत जाणारा पाट, असा तो सगळा संसार. यातील प्रत्येक वस्तू वारंवार मोडणारी होती. नाडा घासून तुटे, तेलपाणी न मिळाल्यास चामडे तडके, चाकाचा कणा झिजे, थारोळे गळू लागे. परंतु एकही बिघाड असा नव्हता की जो गावाच्या शिवेबाहेर न्यावा लागे. मोट शिवण्यास चांभार, दोर वळण्यास मांग, चाकास सुतार आणि कण्यास लोहार होता. त्या सर्वांचा मोबदला बलुत्याच्या रूपाने सुगीच्या खळ्यावर ठरलेला होता. दुरुस्तीचा खर्च हा आकस्मिक खर्च नव्हता. तो पिकाचाच एक भाग होता.

ह्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिचा डाग झाकणे योग्य होणार नाही. ज्यांच्या हातांनी मोट शिवली आणि नाडा वळला, त्यांनाच गावच्या पाणवठ्याला शिवण्याची मनाई होती. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला. आणि त्या तळ्याचा वाद १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. आपण देवालयाशी संबंधित मंडळींनी तर हे विशेष स्मरणात ठेवले पाहिजे. जी विहीर दुरुस्त करणाऱ्यालाच पाणी नाकारते, ती वाहती असूनही एका अर्थी मोडलेलीच असते.

मोटेचा आणखी एक गुण होता, आणि तो तिच्या उणिवेतून आलेला होता. बैल दमत. दुपारी त्यांना सोडावेच लागे, आणि रात्री विहीर विसावा घेई. आपल्याकडील काळ्या खडकात पाणी असते ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या सांध्याफटींत. ते झऱ्यांनी हळूहळू विहिरीत उतरते. रात्रीतून झरे जेवढे भरून काढीत, साधारण तेवढेच दुसऱ्या दिवशी मोट उपशी. सातारा जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटांची विहीर अनेकांनी पाहिली असेल. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. बारा मोटा एका वेळी चालाव्यात एवढे तिचे तोंड आणि एवढे तिचे पाणी. परंतु एवढ्या मोठ्या विहिरीवरही उपशाची मर्यादा बैलांच्या दमावर ठरलेली होती.

ही व्यवस्था प्रथम मोडली ती दुष्काळाने. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि कर्नाटक भागात माणसांबरोबर जनावरेही मेली. बैल गेले, म्हणजे विहिरीत पाणी असूनही ती बंद पडली. त्यानंतर सरकारने दोन कायदे केले. १८८३ च्या कायद्याने विहिरी खोदणे, बांधणे अशा जमीनसुधारणेसाठी कर्ज मिळू लागले, आणि १८८४ च्या कायद्याने बी-बियाणे व बैल घेण्यासाठी. ‘तगाई’ ह्या नावाने दोन्ही शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. विहिरीस एक कायदा आणि बैलास दुसरा, ही विभागणी कारकुनी असली, तरी विहीर म्हणजे केवळ खड्डा नव्हे, तिच्यामागे उभे असलेले बळही विहिरीचेच अंग आहे, एवढे त्यातून मान्य झाले.

यानंतर यंत्र आले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे केली. औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आणि १९२६ च्या सुमारास तेथे पाण्याचे पंप तयार होऊ लागले. बैलजोडी दिवसभर खपून जे पाणी काढी, ते पंप काही तासांत काढू लागला. त्याने कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ऊस आणला, भाजी आणली, मुलांच्या शाळेची फी आणली. यंत्राला दूषण देण्याचा माझा मुळीच विचार नाही.

मात्र बिघाडाचे स्वरूप पालटले. वर बसविलेला पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या बळावर, आणि ते बळ तत्त्वतः दहा मीटरांच्या आसपास संपते. व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे भरवसा नाही. म्हणून इंजिन व पंप विहिरीतच खडकाच्या टप्प्यावर उतरवावे लागत. माघ-फाल्गुनात पाणी आणखी खाली गेले, की पंप पुन्हा खाली न्यावा लागे. फुटव्हॉल्व्हमध्ये काडी अडकली की नळातील पाणी उतरून जाई, पंप हवा धरी, आणि नळ पुन्हा पाण्याने भरल्याशिवाय तो चालत नसे. विजेची मोटार आली तेव्हा एक फेज गेली की ती जळू लागली, आणि तिचे वाइंडिंग करून येईपर्यंत आठवडा जाऊ लागला. मोट मोडली तर दुरुस्ती गावात होती. मोटार जळली तर ती तालुक्याला गेली. उन्हाळी पिकाला तो आठवडा सोसवत नाही. आणि ज्या दिवशी पाण्याची पातळीच खाली गेली, त्या दिवशी दुरुस्ती कोठेच उरली नाही.

येथे कायद्याची गोष्ट येते. १८८२ चा इंडियन ईझमेंट्स ॲक्ट मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाखालील एका उदाहरणात असे तत्त्व आहे की, ठराविक प्रवाहातून न वाहणारे जे पाणी जमिनीखाली आहे, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याची वाटेल तशी विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकास आहे. हे तत्त्व इंग्लंडातील १८४३ आणि १८५९ च्या निवाड्यांतून आलेले. जमिनीखालचे पाणी कोठून कोठे जाते हे कोणास दिसत नाही, म्हणून त्यावर शेजाऱ्याचा हक्क मानता येत नाही, असा त्यामागचा तर्क. मोटेच्या युगात ह्या तत्त्वाने फारसे नुकसान केले नाही. कारण कायद्याने जी मर्यादा घातली नव्हती ती बैलांनी घातलेली होती. यंत्राने बैलांची मर्यादा काढली, आणि कायद्याची मर्यादा तर नव्हतीच.

त्याच कायद्यात दुरुस्तीविषयी मात्र फार शहाणपणाची कलमे आहेत. दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याचा नळ नेण्याचा ज्याला हक्क आहे, त्याने तो फुटल्यास त्या जमिनीत शिरून खोदावे व नळ सांधावा. पण जमीन पूर्ववत करून द्यावी, असे चोविसाव्या कलमात आहे. दुरुस्तीचा खर्च हक्क भोगणाऱ्याचा, असे पंचविसावे कलम सांगते. नळाची काळजी घेणाऱ्या ह्या कायद्याला नळातून येणाऱ्या पाण्याची काळजी घ्यावीशी वाटली नाही.

माझ्या वकिलीच्या आरंभीच्या वर्षांतील एक दावा मी विसरू शकलेलो नाही. दोन शेतकरी, लागून शेते. एकाची आजोबांच्या वेळची बांधीव विहीर. तिच्यावर तीन भावांच्या पाळ्या. दुसऱ्याने तिच्यापासून हाकेच्या अंतरावर खोल बोअर घेण्याचे ठरविले. पहिल्याने मनाईसाठी दावा लावला. मी बोअर घेणाऱ्याचा वकील होतो. सातव्या कलमाचे ते उदाहरण मी न्यायालयापुढे वाचले, आणि दावा जिंकला. त्या रात्री मला आपल्या अभ्यासाचा अभिमान वाटला होता. तिसऱ्या वर्षीच्या चैत्रात जुनी विहीर तळाला गेली. खालच्या फटींना वाट मिळाली, म्हणजे वरचे पाणी तिकडे निथरते, हे तोवर मला ठाऊक नव्हते. पाचव्या वर्षी, आसपास आणखी बोअर झाल्यावर, माझ्या अशिलाची बोअरही नुसती हवा सोडू लागली. तो कचेरीत आला, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, आता कोणावर दावा लावायचा?” मजजवळ उत्तर नव्हते. मी त्याला चुकीचा कायदा सांगितला नव्हता. परंतु दोघांना एकत्र बसवून बोलावे, हा सल्ला देणेही माझ्याच हाती होते, आणि तो मी दिला नाही.

१९७२ च्या दुष्काळापासून खडक फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली, आणि कायद्याला जाग आली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरांत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ च्या कायद्याने शेती व उद्योगासाठी साठ मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध घातला. कर्नाटकात २०११ चा कायदा आहे. गोव्याने २००२ मध्ये आपला भूजल कायदा केला. गोव्याच्या वाचकांस त्याचे कारण निराळे सांगावयास नको. तेथील जांभ्या दगडात पावसाचे पाणी जितक्या लवकर मुरते तितक्याच लवकर निथरूनही जाते. श्रावणात काठोकाठ भरलेल्या बांयचा तळ वैशाखात दिसतो, आणि अशा बांयवर यंत्र लावून टँकर भरू लागले, की शेजारच्या कुळागराची तहान वाढते. इतके होऊनही १८८२ चे ते उदाहरण कायद्याच्या पुस्तकातून गेलेले नाही. नवे निर्बंध त्याच्या भोवती उभे आहेत, एवढेच.

म्हणून आता विहिरीचे वाटणीपत्र माझ्याकडे आले, की केवळ ‘चार आणे हिस्सा’ एवढे लिहून मी थांबत नाही. पाळी किती तासांची, पाणी ठराविक पायरीखाली गेल्यावर पंप कोणी व किती वेळ बंद ठेवावयाचा, मोटार जळाल्यास किती दिवसांत आणि कोणत्या प्रमाणात खर्च द्यावयाचा, तोवर ज्याचे पीक वाळते त्याला दुसऱ्याच्या पाळीतून किती पाणी द्यावयाचे, आणि पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्यास कोणी यावयाचे, हे सारे बिघाड होण्याच्या आधी लिहून घेतो. बिघाड झाल्यावर माणसे न्याय मागत नाहीत, पाणी मागतात. आणि तेव्हा लिहिलेले काही नसेल तर जो बलवान तो घेतो.

शेजारी शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करील असे लिहिणारे कलम मात्र कोणत्याच वाटणीपत्रात बसत नाही. त्यासाठी गावाने एकत्र बसले पाहिजे, आणि बसण्याची जागा बहुतेक गावांत अजून शाबूत आहे. देवालयाच्या वार्षिक सभेत दिवाबत्तीचा आणि पालखीचा हिशेब वाचला जातो. त्याच सभेत गावातील विहिरींची पातळी, कोणती बंद पडली, कोणाचा गाळ काढावयाचा आहे आणि नवी बोअर कोण घेणार आहे, याची चार ओळींची नोंद वाचली जावी, एवढी माझी विनंती आहे. एका वर्षी ती नोंद वाचली गेली, तर दुसऱ्या वर्षी ती वाचल्यावाचून सभा उठणार नाही, असा मला विश्वास वाटतो.