पंचेचाळीस दिवसांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या सावलीत पत्र्याच्या छपराची असंख्य वर्कशॉप उभी आहेत. कुठे दोन लेथ, कुठे एक प्रेस मशिन. आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांचा प्रपंच अशाच शेडवर चालतो. घरभेटीला गेलो असता धंद्याची विचारपूस केली की ठरलेले उत्तर मिळते : "फादर, काम भरपूर आहे, पैसे अडकलेत." या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे.

हे शहर कारागिरांचेच. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांतून विणलेल्या हिमरूने त्याचे नाव दूरवर नेले. त्या काळी सत्ता म्हणजेच आश्रयदाता आणि गिऱ्हाईकही. परंतु १७६३ च्या सुमारास निजामाची राजधानी हैदराबादेस गेली आणि १९४८ मध्ये निजामी राजवटच संपली. दरबाराच्या मर्जीवर जगणाऱ्या विणकराला त्या मर्जीखेरीज दुसरा हक्क नव्हता.

महाराष्ट्र राज्याने वेगळी वाट धरली, हे मान्य केलेच पाहिजे. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आणि त्याच वर्षी लघुउद्योग विकास महामंडळ स्थापन झाले. १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती मिळू लागल्या. १९६७ मध्ये मराठवाडा विकास महामंडळ आले. त्याच वर्षी केंद्राने ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवले. ही यादी पुढे आठशेच्या वर गेली आणि २०१५ मध्ये तिच्यातील अखेरच्या वीस वस्तूही वगळल्या गेल्या. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रांची योजना सुरू झाली. चिकलठाण्याला वसाहत झाली, वाळूजला झाली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांना बरकत आली. भूखंड, रस्ता, वीज, पाणी, सबसिडी हे सारे सरकारने दिले.

हा 'सबसिडी' शब्द मोठा बोलका आहे. सेमिनरीत आम्ही जे थोडेफार लॅटिन शिकलो, त्यात 'सुब्सिदियुम' होता. रोमन सैन्यात लढणाऱ्या रांगेच्या मागे सज्ज राहणारी राखीव फळी, हा त्याचा जुना अर्थ. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात राज्यसंस्थेच्या कर्तव्याविषयी हाच शब्द वापरला : लहानांना जे करता येते ते मोठ्यांनी हिरावून घेऊ नये, त्यांना साहाय्य करावे. आपल्याकडे मात्र सबसिडी म्हणजे पैसा, एवढाच अर्थ उरला. पाठीशी उभे राहण्याचा भाग फार उशिरा आला.

पाठीशी उभे राहण्याची गरज कशी पडते ते पाहा. लहान कारखानदाराला पोलाद बहुधा रोखीने घ्यावे लागते. कामगारांचा पगार, विजेचे बिल थांबत नाही. माल दिला, बिल फाडले, की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा. बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. पैसे मात्र तीन तीन, चार चार महिने येत नाहीत. म्हणजे बँकेकडून व्याजाने पैसे काढून हा गरीब मनुष्य श्रीमंत कंपनीला बिनव्याजी कर्ज देत असतो! वसईतील गाळेवाल्यांनाही हे काही नवे नाही.

या दुखण्यावरचा पहिला कायदा १९९३ चा. थकलेल्या रकमेवर व्याज द्यावे, असे तो सांगत होता. १९९८ मध्ये तो दुरुस्त झाला. त्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाने घेतली. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, असेल तरी कमाल पंचेचाळीस दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. दाद मागण्यासाठी राज्याराज्यांत परिषदा. परिषदेच्या निवाड्याला खरेदीदाराला आव्हान द्यायचे असेल तर पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायदा भक्कम होता. पण दाद मागायची कोणाविरुद्ध? ज्याच्या ऑर्डरवर चूल पेटते त्याच्याविरुद्ध! आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अर्जाचे सर्व कागद तयार केले आणि ते कपाटात ठेवून दिले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही.

२०२३ च्या वित्त अधिनियमाने ही गाठ ओळखली. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे मुदतीत चुकवले नाहीत, तर ती रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या खर्चात दाखवता येते. वर्ष संपताना थकबाकी राहिली की त्याचा आयकर वाढतो. लहान माणसाला तक्रार करावी लागत नाही, हे या तरतुदीचे मर्म. आमच्या मते शेड आणि सवलतींपेक्षाही हे साहाय्य मोलाचे आहे. अर्थात मोठे खरेदीदार लहानांना टाळून मध्यम उद्योगांकडे वळतील, अशी भीती व्यापारी संघटनांनी लगेच बोलून दाखवली, आणि ती निराधार नव्हती.

त्याच सुमारास ते कपाटात कागद ठेवणारे गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर आमची वाट पाहत थांबले. खरेदीदाराच्या कचेरीतून त्यांना फोन आला होता. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र मागितले होते. पाठवावे तर लहान असल्याची नोंद होणार, न पाठवावे तर पंचेचाळीस दिवसांचे संरक्षण दाखवायचे कसे? "पाठवू का, फादर?" त्यांनी विचारले. पाठवा, असे आम्ही सांगितले. पण घरी परतेपर्यंत त्यांच्या ऑर्डरचाच विचार आमच्या मनात होता.