चार आण्यांची आरास

चपला इथेच काढून ठेवा. वयही ठेवा. १९३८ सालच्या चैत्रात जायचं आहे आणि तिथे तुम्ही दहा वर्षांचे असणार आहात. ज्या माजघरात आपल्याला शिरायचं आहे तिथे मोठ्या पुरुषांना मज्जाव आहे, आणि मोठी बाई गेली तर तिच्या हाती लगेच वरवंटा येतो. दहा वर्षांच्या पोराला मात्र कुणी हटकत नाही. ‘बाळ, एवढं धर’ म्हणतात आणि सगळं बघू देतात.

टाका पाऊल. चटका बसला ना? ही सांगलीची कृष्णा. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या गिळणारी हीच नदी चैत्रात एका कडेला सरकते आणि उघड्या पडलेल्या वाळूत काकडी-कलिंगडाचे वेल पसरतात. पळा, पाण्याच्या कडेपर्यंत पळा. तिथे लाल आलवण नेसलेली, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेली एक बाई उकिडवी बसून कलिंगडांवर टिचक्या मारते आहे. ती आत्या. आजपासून तुमचीही आत्या. टिचकी मारायची, कान लावायचा आणि बाजूला सारायचं, असं तिचं चाललंय. वाळूत बसलेला कलिंगडवाला वैतागलाय, कारण आत्याला पिकलेलं नकोच आहे.

‘जाड सालीचं दे रे. खायला नाही, कापायला हवंय.’

दोन कलिंगडं तुमच्या डोक्यावरच्या टोपलीत येतात. मान आत जाते. तसंच पेठेत चला. इथे वाट विचारावी लागत नाही, नाकच नेतं. हळदीचा हंगाम आहे. हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे जमिनीखालच्या त्या खोल कोठारांतून निघालेली पोती आणि शेतातून थेट आलेली नवी पोती गाड्यांवरून उतरताहेत. हमालांच्या पापण्या पिवळ्या, बैलांची शिंगं पिवळी, तुमच्या घामालाही आता कडवट मातकट वास. आत्या दुकानाच्या पायरीशी जाऊन पोत्यांखाली सांडलेली हळकुंडांची मोड पदरात भरून घेते. दुकानदार पैसे घेत नाही. ‘गौरीला का?’ एवढंच विचारतो.

गौरीलाच. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते, अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. तिच्यासाठी घरातली एक खोली सजवायची, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. आत्याचं माहेर साताऱ्याला. तिथली आरास दरवर्षी तीच करते.

साताऱ्याची गाडी म्हणजे अरुंद रुळांची, डुलत जाणारी, कोळशाची कुसळं डोळ्यांत फेकणारी. लाकडी बाकावर बोचकी, कोंबड्या, कुणाचं तरी रडणारं बाळ. कलिंगडं मांडीवर घट्ट धरा. किर्लोस्करवाडी आली की आत्या खिडकीबाहेर वाकून पाहते. नांगरांचा हा कारखाना, आणि ‘स्त्री’ मासिकही इथूनच निघतं. तिच्या बोचक्यात त्याचे जुने अंक आहेत, चित्रं कापून चिकटवण्यासाठी. पुढे कराडचं स्टेशन, म्हणजे ओगलेवाडी. १९१६ पासून इथे काच होते आणि इथला ‘प्रभाकर’ कंदील आज रात्री तुम्ही जिथे निजणार आहात तिथे खुंटीला टांगलेला आहे. सातारा रोडला उतरायचं, मग सर्व्हिस मोटारीत कोंबून घ्यायचं. माहुलीला पुन्हा कृष्णा ओलांडलीत की समोर अजिंक्यतारा उभा राहतो.

वाड्यात शिरताना डोकं वाकवा. बाहेर ऊन रणरणतंय आणि माजघरात पाऊल पडताच शेणानं नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा गारवा तळव्यांना लागतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागेल. मग भिंती दिसतील. गेल्या वर्षीच्या धुरानं काळवंडल्यात, एका कोपऱ्यात पोपडे आलेत. अशा खोलीकडे पाहून एखाद्याचा धीर सुटला असता. आत्या कमरेला पदर खोचते.

‘वन्सं, खर्चाला किती लागतील?’ काकू विचारतात.

‘चार आणे.’

चारच आणे. त्यांत पतंगी कागद, दोऱ्याचं रीळ, मूठभर अळीव आणि चिमूटभर मोरचूद. बाकी सगळं घरात आहे, असं आत्याचं म्हणणं. मला ही बाई आवडते ती इथपासून. तिला खोलीत काय नाही ते दिसतच नाही, काय आहे तेवढंच दिसतं.

पहिल्या दिवशी चुना. त्यात नीळ एवढीशी, म्हणजे पांढरा थंड दिसतो. खाली वीतभर गेरूचा पट्टा. तुमच्या हातात काथ्याचा कुंचला आहे, चुन्याचे थेंब मनगटावर चुरचुरताहेत, आणि ओल्या भिंतीचा तो वास येतोय ज्यानं भूक लागते. दुपारी भाकरीबरोबर कैरीची फोड मिळते. दात आंबतात.

दुसऱ्या दिवशी हिरवा रंग. तो विकत आणायचा नाही, उगवायचा. गोणपाटाचा तुकडा चिखलपाण्यात बुडवून उलट्या पाटीवर पसरला की डोंगर झाला. आता भिजलेले अळीव त्यावर फासा. फासून बघा, घसरत नाहीत. ओले झाले की प्रत्येक दाण्याभोवती चिकट गर जमतो आणि दाणा उभ्या चढालाही धरून बसतो. मातीची गरज नाही, तासातासानं पाणी शिंपडायचं, आणि ते काम तुमचं. रात्री उठूनसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावर पांढरी लव दिसेल, चौथ्या दिवशी हिरवी.

मग सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा. सांगलीची हळद कुटून पाण्यात कालवली, भुसा तिच्यात बुडवला, पिवळा झाला. त्यातला निम्मा वेगळ्या परातीत घेऊन आत्या तुम्हाला जवळ बोलावते. ‘बघ हं.’ चुन्याची निवळी ओतते. पिवळं तुमच्या डोळ्यांदेखत लाल होतं, रक्तासारखं लाल. वाळल्यावर जरा विटकरी दिसेल, पण आत्ता तुम्ही ओरडलात आणि ओसरीवरच्या आजोबांनी काय झालं म्हणून हाक मारली. कुंकू याच युक्तीनं होतं. आत्या परातीत बोटं फिरवत राहते. तिच्या नखांत ते लाल भरलेलं आहे. कपाळ मोकळं.

खळ शिजते आहे, तिच्याकडे लक्ष द्या, खाली लागेल. कणकेची पेज, त्यात मोरचूद, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. बोट चाटायचं नाही, विष आहे ते. पतंगी कागदाची चौकोनी घडी, पुन्हा घडी, तिरकी घडी. आत्याची कातर त्या जाड त्रिकोणात कुरकुर शिरते, इवले इवले तुकडे मांडीवर पडतात, आणि घडी उलगडली की आठ पाकळ्यांची जाळी हवेवर थरथरते. तुम्ही केलेली पहिली जाळी मधोमध फाटेल. आत्या तीही लावते, वर, तुळईजवळ, जिथे कंदिलाचा उजेड पोचत नाही.

रात्री चिमणीभोवती बसून काचेचं काम. वर्षभर मडक्यात साठवलेले बांगड्यांचे तुकडे जमिनीवर ओततात. ‘फुटक्या’ म्हणायचं नाही, ‘वाढलेल्या’ म्हणायचं. एक टोक ज्योतीत धरलं की काच लाल होते, मऊ पडते. चिमट्यानं वाकवून कडी करायची, कडीत कडी अडकवायची. बोटं भाजतात, काच काजळते, मग राखेनं पुसली की हिरवी-निळी-जांभळी साखळी दाराच्या चौकटीवर किणकिणते. या बांगड्या घरातल्या सगळ्या बायकांच्या. काही, कोण जाणे, आत्याच्या स्वतःच्याही असतील. मडकं जुनं आहे.

शुक्रवार उजाडला. ट्रंका, रॉकेलचे रिकामे डबे, पाट एकावर एक रचून पाच पायऱ्या झाल्या, त्यांवर धुतलेलं पांढरं धोतर. सगळ्यात वर पाळण्यात पितळेची अन्नपूर्णा, मोगऱ्याच्या गजऱ्यात बुडालेली. मागे रविवर्म्याची छापील लक्ष्मी, जिच्या साडीला आत्यानं जुन्या लुगड्याची जर चिकटवलीये. खाली हिरवा डोंगर, त्याच्या पायथ्याशी आरसा पालथा नव्हे, उताणा ठेवून तळं, कडेनं पिवळा-लाल भुसा, आणि पाण्यावर कागदाची बदकं. तुम्ही केलेली कडब्याची बैलगाडीही आहे. ताटाच्या भेंडाची चाकं, सालीचे कणे. कलिंगडाचं कमळ तर असं उमललंय की वरची हिरवी, मधली पांढरी आणि आतली फिकट गुलाबी पाकळी वेगवेगळी मोजता येते. कोरून काढलेला गर वाया गेलेला नाही. त्याची कोशिंबीर झाली.

संध्याकाळी बायका येतात. आधी जोडव्यांचा आवाज, मग वास, आणि मग एकदम सगळ्याच. नऊवारीची सळसळ, घाम, मोगरा, गुलाबपाण्याचे थेंब मानेवर, हिंगाची फोडणी दिलेली आंबेडाळ, गूळ-वेलदोड्याचं पन्हं. कुणाच्या हातावर चंदनाचा लेप लावून शिंपल्यानं रेघा ओढताहेत. ओटीतले भिजवलेले हरभरे सांडून पायाखाली चिरडताहेत. कुणी नाव घ्यायला लाजतेय, बाकीच्या हसताहेत. खोलीत वारा नाही, तुम्ही दोन गुडघ्यांच्या मधून डोकं काढून श्वास घेताय. आणि तेवढ्यात एक आजी डोळ्यांवर हात धरून डोंगराकडे बघतात.

‘अगंबाई, खरंच उगवलंय की! कुणाच्या हातचं हे?’

‘आमच्या वन्सं आल्यात ना सांगलीहून,’ काकू म्हणतात.

‘हो का? कुठायत?’

‘आत आहेत.’

त्यावर कुणी काही बोलत नाही. पन्ह्याचा पेला पुढे जातो.

उठा. बायकांच्या पायांतून वाट काढत स्वयंपाकघरात जा. आत्या पाट्यापुढे बसून आंबेडाळीची दुसरी खेप वाटते आहे. दारातून उजेडाची एक पट्टी तिच्या हातांवर पडलीये, आवाज सगळे येताहेत. चार दिवस जिनं त्या खोलीचा प्रत्येक कोपरा हातानं घडवला, तिला आज संध्याकाळी त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. तिथे कुणालाच यात वेगळं वाटत नाही. बहुधा तिलाही वाटत नसेल. मला वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. मला त्या पन्हं पिणाऱ्या प्रत्येक बाईला हाताला धरून आत आणावंसं वाटतं.

आत्या तुम्हाला पाहते. ‘काय म्हणाल्या?’

‘खरंच उगवलंय म्हणाल्या.’

वरवंटा थांबतो. ती हसते, मग पुन्हा वाटू लागते, जरा जोरात.

रात्र झाली. शेवटची बाई गेली, दाराला अडसर पडला. झोपल्याचं सोंग घ्या आणि पापण्या किलकिल्या ठेवा. आत्या ओगलेवाडीचा तो कंदील घेऊन माजघरात येते. वात खाली करते. सांडलेले हरभरे एकेक वेचते. एक बदक आडवं झालंय, ते उभं करते. मग ओंजळीनं डोंगरावर पाणी शिंपडते, आणि पाळण्याची दोरी एकदाच, हलकेच ओढते. गौर झुलते, तिची सावली चुन्याच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते.

‘जागा आहेस ना, बाळ?’ मागे न बघता ती म्हणते. ‘मी उद्या सकाळच्या मोटारीनं निघते. अळीव पंधरा दिवसांत पिवळे पडतील. पडले की नवे पेर.’

तुमच्या उशाशी ‘स्त्री’च्या पानाची एक पुडी येऊन पडते. आत मूठभर दाणे आहेत.