जखम भरणे

जखम भरणे म्हणजे इजा झालेली त्वचा व तिच्याखालील ऊती सांधण्याची शरीराची नैसर्गिक प्रक्रिया होय. रक्त थांबणे, दाह, नवनिर्मिती व पुनर्रचना असे तिचे चार टप्पे मानतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले असतात.

प्रक्रिया

रक्तवाहिनी तुटताच आकुंचन पावते, बिंबिका तिच्या तोंडाशी चिकटतात आणि फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी होऊन रक्त गोठते. त्यानंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन जंतू मारतात. दोन-तीन दिवसांत महाभक्षी पेशी त्यांची जागा घेतात. मृत पेशी साफ करण्याबरोबरच पुढील बांधणीचे संकेतही त्याच देतात. लाली, सूज व ठणका ही दाहाची लक्षणे पहिल्या दिवसांत स्वाभाविक असतात. ती ओसरण्याऐवजी वाढू लागल्यास संसर्गाची शंका घेतात.

पुढे तंतुजनक पेशी कोलॅजेन तयार करतात, नव्या केशवाहिन्या फुटतात आणि जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार ऊती दिसू लागते. पुनर्रचनेचा टप्पा वर्षभर किंवा अधिक काळ चालतो. तरीही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

खोली आणि ओलावा

घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घसरून गुडघा खरचटला, तर अंतस्त्वचेतील केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी बहुधा शाबूत राहतात. त्यांतील पेशी पसरून जखम अनेक ठिकाणांहून झाकली जाते. त्वचेची पूर्ण जाडी गेल्यास पेशी केवळ कडेनेच आत सरकू शकतात. मोठ्या जखमेत त्या अपुऱ्या पडतात व त्वचारोपण करावे लागते.

या पेशी ओलसर पृष्ठभागावर सहज सरकतात. कोरड्या खपलीखालून त्यांना वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवले की, पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकलेल्या जखमा उघड्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने झाकल्या जातात. ‘जखमेला हवा लागू द्यावी’ हा घरोघरचा समज या निष्कर्षाशी जुळत नाही.

मुंबईतील प्रयोग

भाजलेल्या जखमेवर कापसाची जाळीदार पट्टी चिकटते आणि ती काढताना नवी त्वचाही सोलली जाते. रुग्णाला याच वेदनेची सर्वाधिक धास्ती असते. न चिकटणारी आयात आवरणे महाग असतात. यावर उपाय म्हणून मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली; तिचा प्राथमिक अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अर्धवट खोलीच्या भाजण्यावर ती बटाट्याच्या सालीइतकीच परिणामकारक, पण बनवण्यास सोपी व कितीतरी स्वस्त ठरली. पानात औषधी गुण आहेत असा दावा यामागे नाही. गुळगुळीत, मेणचट पान चिकटत नाही व ओलावा टिकवते, एवढेच. ही पाने निर्जंतुक केलेली असतात. परसातील पान तोडून लावणे धोक्याचे आहे.

त्याच रुग्णालयात २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. ठाण्यालगत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर दान केलेली त्वचा ग्लिसरॉलमध्ये साठवतात. रुग्णाचे शरीर ती काही आठवड्यांत नाकारते, पण तोवर जखम झाकलेली राहते आणि रुग्णाच्या मांडीवरून एकदा काढलेल्या त्वचेची जागा भरून येऊन तेथून पुन्हा त्वचा घेता येते.