नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प

गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांच्या सरहद्दीवर पसरलेला, महाराष्ट्रातील पाचवा व्याघ्रप्रकल्प. नागझिरा (१५२.८१ चौ. किमी.), नवीन नागझिरा, नवेगाव व कोका ही चार अभयारण्ये आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान (१३३.८८ चौ. किमी.) अशी पाच वने एका अंमलाखाली आणून डिसेंबर २०१३ मध्ये तो घोषित झाला. गाभ्याचे क्षेत्र साडेसहाशे चौ. किमी.हून किंचित अधिक असून भोवतालचे बफर क्षेत्र जवळजवळ त्याच्या दुप्पट आहे. मात्र हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती ही की हा गाभा एकसंध नाही. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाच्या उत्तरेस नागझिरा, दक्षिणेस नवेगाव आणि पश्चिमेस भंडारा जिल्ह्यात कोका अशी त्याची शकले असून, त्यांच्यामध्ये धानाच्या बांध्या, गावे, सडका आणि तुटक रान आहे. या प्रकल्पाविषयी पुढे जे जे सांगावयाचे आहे, त्याचा उगम बहुतांशी या एका भौगोलिक वस्तुस्थितीत आहे.

हा मुलूख झाडीपट्टीचा. वैनगंगेच्या खोऱ्यातील ठेंगण्या डोंगररांगा, त्यांच्या पायथ्याशी धानाची शेते आणि शेतांच्या वर, उताराचे पाणी अडवून बांधलेले तलाव व बोड्या, अशी येथील भूमीची रचना आहे. रान शुष्क पानझडीचे. ऐन, साग, बिजा, धावडा, हळदू, तेंदू, मोह आणि बांबू ही त्यातील मुख्य झाडे. चैत्र-वैशाखात मोहफुले व तेंदूपाने वेचण्यासाठी गावेच्या गावे पहाटे रानात शिरतात, आणि त्याच मोहाखाली अस्वलही येते. या वेळच्या गाठीतून दरसाल माणसे जखमी होतात, ही या भागातील जुनी व्यथा होय.

तलावांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण येथील वन्य जीवन त्यांच्यावरच पोसले गेले. कोहळी समाजाने पिढ्यानुपिढ्या तलाव बांधण्याची विद्या जोपासली. डोंगरांमधील खिंड हेरावयाची, मातीचा बांध घालावयाचा, पाटाने पाणी खालच्या बांध्यांत उतरवावयाचे, आणि हे सारे कागदी नकाशावाचून, केवळ उताराच्या जाणिवेने साधावयाचे, यात त्यांचा हातखंडा होता. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने नवेगावचा बांध घातला असे परंपरा सांगते. सभोवारच्या सात डोंगरशिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात व त्या देवतांनी हे काम सिद्धीस नेण्यास हात दिला अशी श्रद्धा आहे. स्वतः कोलू पाटील तर कोलासुर या नावाने देवपदास पोचला व त्याचे ठाणेही तेथेच आहे. ज्याने पाणी साठविले त्याला लोकांनी देव मानले, यापेक्षा योग्य स्मारक या भागात दुसरे कोणते होऊ शकले असते? मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत १९५१ च्या सुमारास संपुष्टात आल्यावर असे शेकडो तलाव सरकारजमा झाले व दप्तरात ‘माजी मालगुजारी तलाव’ ठरले. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. त्यांपैकी कित्येक गाळाने भरले, आणि त्यांच्या काठचे पक्षीही विरळ झाले. महाराष्ट्रात सारस क्रौंचाचा मुख्य आसरा आज गोंदिया जिल्हाच असून तो पक्षी अभयारण्याच्या हद्दीत नव्हे, तर शेतकऱ्याच्या धानात घरटे करतो, हेही येथेच नोंदवून ठेविले पाहिजे.

नागझिऱ्यास अभयारण्याचा दर्जा १९७० मध्ये व नवेगावास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७५ मध्ये मिळाला. उर्वरित तीन अभयारण्ये २०१२-१३ मधील. आरंभीच्या काळात नवेगावबांध हे मुख्यतः सहलीचे स्थळ म्हणून वाढविले गेले. तलावाच्या काठी बागा, हरिण-उद्यान व पक्षिगृह उभारण्यात आले. प्राणी दिसावयाचा तर तो कुंपणाच्या आत असला पाहिजे, ही त्या काळची सर्वत्र रूढ कल्पना होती. तिच्या पलीकडे पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली ती मारुती चितमपल्ली यांनी. वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला काढलेल्या वर्षांत त्यांनी तलावावरचे पक्षी, रानातली झाडे आणि स्थानिक लोकांचे ज्ञान यांचे जे संकलन केले, त्याने मराठीच्या शब्दसंपत्तीतही मोलाची भर पडली. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि चारशे दिवस त्या रानात राहिलेले किरण पुरंदरे यांचे ‘सखा नागझिरा’ ही पुस्तकेही याच भूमीची. एका लहानशा अभयारण्याविषयी इतके आस्थापूर्वक लेखन महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र झाले असेल.

प्राण्यांत रानगवा, सांबर, चितळ, नीलगाय, चौसिंगा, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, अस्वल व वाघ येथे आढळतात. तथापि नागझिऱ्याची विशेष ख्याती रानकुत्र्यांसाठी आहे. झाडीतून त्यांची शीळ येते, तांबूस पाठी गवतातून सरकताना दिसतात, आणि क्षणार्धात टोळीची विभागणी होऊन काही पुढे, काही बगलेला जातात. सांबर अशा वेळी पाण्याकडे धाव घेते व पोटाइतक्या खोलीत उभे राहते. काठावरची टोळी तेव्हा निघून न जाता बसून राहते. ज्याने हे एकदा पाहिले तो रानकुत्र्याला क्रूर म्हणण्याचे सोडून देतो, कारण त्या धावण्यात अपव्यय असा काहीच नसतो.

एवढे भक्ष्य व एवढे पाणी असूनही वाघांची संख्या मात्र येथे दीर्घकाळ तोकडीच राहिली. याचे सर्वपरिचित उदाहरण ‘जय’ या वाघाचे. तो नागझिऱ्यात जन्मला, वयात आल्यावर २०१३ मध्ये शेते, सडका, नद्या ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यास गेला, तेथे त्याचे नाव देशभर झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्याचा संकेत थांबल्यानंतर तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. तरुण नर वाघ घर सोडून जातो, हा निसर्गक्रम आहे. चिंतेची बाब ही की, जितके जातात तितके परत येत नाहीत, आणि वाघिणी तर लांबचा प्रवास सहसा करीतच नाहीत. आईच्या मुलुखाला लागूनच आपला मुलूख मांडण्याची त्यांची प्रवृत्ती असते. त्यामुळे वाटा खुंटल्या की सर्वप्रथम माद्यांची उणीव भासते व माद्यांवाचून रान पुन्हा भरत नाही. इकडे ही अवस्था असताना शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरीच्या वनविभागात, वाघांची दाटी होऊन माणसे मृत्युमुखी पडत होती.

या दोन्ही अडचणींवर एकच तोड म्हणून वाघिणींच्या स्थलांतराची योजना मुक्रर झाली. २० मे २०२३ रोजी तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत चंद्रपूर जिल्ह्यातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आली. दप्तरी त्यांची नोंद एनटी-१, एनटी-२ व एनटी-३ अशी आहे. असे स्थलांतर म्हणजे केवळ पिंजऱ्याची ने-आण नव्हे. भुलीचे इंजेक्शन बंदुकीतून लागल्यावर वाघीण आडवी होते. डोळ्यांवर कापड बांधतात, कानांत बोळे घालतात, श्वास व ताप मोजीत राहतात, दात पाहून वयाचा अदमास घेतात, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा चढवितात, आणि हे सारे औषधाचा अंमल उतरण्याच्या आत उरकावे लागते. मग वाटचाल, शक्यतो उन्हाची वेळ टाळून. पिंजऱ्याचे दार वर उचलले जाते तेव्हा पुढील प्रत्येक दिवसाची जबाबदारी पट्ट्याचा मागोवा घेणाऱ्या वनरक्षकावर व वनमजुरावर येऊन पडते. नवी वाघीण आरंभी स्थिर राहत नाही. ती हद्द चाचपीत फिरते, कधी गावाच्या शिवारापर्यंत जाते. अशा वेळी तिच्या मागे रात्रंदिवस असणारी ही माणसे या योजनेचा खरा कणा आहेत, आणि त्यांचे नाव कोणत्याही कोनशिलेवर कोरले जात नाही याचा खेद वाटतो.

सोडण्याच्या रीती दोन आहेत. एकीत प्राणी थेट मोकळ्या रानात सोडतात. दुसरीत त्याला प्रथम रानातच उभारलेल्या कुंपणबंद आवारात काही काळ ठेवून मग दार उघडतात. वनखात्यात या दुसरीला ‘सॉफ्ट रिलीज’ म्हणतात. तिसऱ्या वाघिणीच्या वेळी हा दुसरा मार्ग पत्करण्यात आला. उंच जाळी, माणूस दिसू नये म्हणून तिच्यावर ताणलेले हिरवे कापड, आत पाणी व भक्ष्य, आणि दुरून उघडता येईल असे दार, असे या आवाराचे सामान्यतः स्वरूप असते. नव्या भूमीचे वास ओळखीचे व्हावेत आणि मूळ घराकडे परतण्याची ओढ ओसरावी, हा त्यामागील हेतू. सरिस्क्यास २००८ मध्ये रणथंभोरचे वाघ हेलिकॉप्टरने नेले तेव्हा हीच रीत अवलंबिली होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण सह्याद्री व्याघ्रप्रकल्पातील चांदोलीस नेली तेव्हाही प्रथम असेच आवार करण्यात आले.

कुंपणाचा हा उपयोग जुन्या हरिण-उद्यानातील कुंपणाच्या अगदी उलट आहे, आणि तो किती फलदायी ठरू शकतो याचा दाखला गोंदियाच्या शेजारीच आहे. कान्हा येथे १९७० मध्ये कठीण जमिनीवरच्या बारशिंग्यांची संख्या अवघी ६६ उरली होती. हिंस्र प्राण्यांना अटकाव करणारे मोठे आवार करून त्यात गवत वाढू दिले गेले, पिलांना लपण्यास जागा मिळाली, आणि कळप पुढे इतका वाढला की त्यातील हरणे सातपुडा व बांधवगड येथेही पाठविता आली. परंतु आवार हे साधन आहे, उपाय नव्हे, हे ओडिशातील सातकोसियाने दाखवून दिले. तेथे २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून एक वाघ व एक वाघीण नेण्यात आली. त्याच वर्षी वाघ मेला, माणसे दगावल्याने ‘सुंदरी’ नावाची ती वाघीण पुन्हा पकडावी लागली, आणि दोन वर्षांहून अधिक काळ कुंपणात काढून २०२१ मध्ये ती मध्य प्रदेशातील कान्ह्यास आणली गेली. भोवतालच्या गावांना विश्वासात न घेता आणलेला प्राणी अखेर पिंजऱ्यातच जातो. नागझिऱ्याच्या भोवतीची गोंड, हलबा, कोहळी, पोवार, ढिवर कुटुंबे या रानाशी पोटाने जोडलेली आहेत. त्यांच्या गुरांची नुकसानभरपाई वेळेवर पोचणे हे वाघिणीच्या गळ्यातील पट्ट्याइतकेच महत्त्वाचे आहे. गाभ्यातील कालीमाटी, कवलेवाडा व झंकारगोंदी या गावांनी तर आपली वस्ती उठवून सडक अर्जुनी तालुक्यात नवा संसार मांडला. त्यांना दिलेले प्रत्येक वचन पुरे करणे हे शासनावरील ऋण आहे.

न बोलावता आलेल्या प्राण्यांचीही येथे नोंद केली पाहिजे. २०२१ च्या अखेरीस छत्तीसगडातून गडचिरोलीत शिरलेला रानहत्तींचा कळप पुढील वर्षी अर्जुनी मोरगाव तालुक्यातून नवेगावच्या रानात व तेथून भंडारा जिल्ह्यात गेला. हत्ती कसा हाकावा, रात्री त्याच्यापासून किती अंतर राखावे, हे येथील कोणाच्याही स्मरणात नव्हते. धानाचे व घरांचे नुकसान झाले, मनुष्यहानीही झाली. तरीही त्या कळपाने एक गोष्ट सिद्ध केली : पूर्वेच्या अरण्यांतून नवेगावापर्यंतची वाट अद्याप पुरती बुजलेली नाही.

प्रकल्पाच्या शकलांना जोडणाऱ्या वाटेतील मोठा अडसर म्हणजे साकोलीहून देवरीकडे जाणारा महामार्ग व गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्ग. रस्त्याखालून वा वरून प्राण्यांना जाण्यास जागा ठेवणे अशक्य नाही; पेंचमधून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गावर अशी नऊ बांधकामे झाली असून वाघासह अनेक प्राणी त्यांचा वापर करतात, हे तेथील कॅमेऱ्यांनी टिपले आहे. नागझिरा व नवेगाव यांच्यामधील प्रत्येक टप्प्यावर अशी सोय पुरी होईपर्यंत बाहेरून वाघिणी आणण्याचा खर्च व जोखीम पुनःपुन्हा पत्करावी लागेल.

नागझिऱ्यास जाण्यासाठी पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी व उमरझरी ही प्रवेशद्वारे असून पहिले साकोलीच्या बाजूस व दुसरे तिरोड्याच्या बाजूस पडते. नवेगावबांध अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. मोठे रेल्वेस्थानक गोंदिया. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटकांस बंद असते; वाघासाठी उन्हाळा व तलावावरच्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम.