औदासीन्य, आध्यात्मिक (ख्रिस्ती विचार)

प्रार्थना, उपासना व सत्कर्म यांतली गोडी हळूहळू उडत जाणे आणि त्याच ओघात पापाची बोच बोथट होणे, ही अवस्था. ग्रीक व लॅटिन ग्रंथांत ती ‘अकेडिया’ या नावाने येते. सात प्रमुख पापांच्या यादीत जो ‘आळस’ सांगितला जातो, तो मुळात हाच. मात्र अंग मोडून पडण्याशी त्याचा संबंध दूरचा आहे. अकेडियाने ग्रासलेला माणूस पुष्कळदा अखंड कामात असतो. टाळतो ते एकच, देवासमोर स्वस्थ बसणे.

बायबलमधील आधार : निर्गमातील फारोचे कठीण झालेले हृदय, तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील (४:२) डागलेली सदसद्विवेकबुद्धी आणि प्रकटीकरणातील (३:१४–२२) लावदिकीयाची कोमट मंडळी, हे तीन उल्लेख वारंवार आधाराला घेतले जातात. फारोचे हृदय देवाने कठीण केले की त्याने स्वतःच, याविषयी मतभेद आहेत. निर्गमात दोन्ही प्रकारची विधाने आढळतात.

वाळवंटातील तपस्वी : या विषयाची पहिली सविस्तर मांडणी इव्हॅग्रिअस पाँटिकस (सु. ३४५–३९९) याने केली. कॉन्स्टँटिनोपलमधील चर्चचे मानाचे पद सोडून तो जेरुसलेममार्गे ईजिप्तमध्ये आला आणि केलिया येथील तपस्व्यांच्या वस्तीत अखेरपर्यंत राहिला. हस्तलिखितांच्या नकला करून तो पोट भरीत असे. साधकाला छळणाऱ्या आठ ‘विचारां’पैकी सहावा अकेडिया असून तो सर्वांत जड आहे, असे त्याने प्राक्तिकोस  या ग्रंथात म्हटले आहे. त्याचे तेथील वर्णन आजही ताजे वाटते. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार खोलीत शिरतो आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे वाटू लागते. साधक खिडकीकडे पाहतो, बाहेर येतो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते सूर्यावरून अजमावतो, कोणी भेटायला येत आहे का म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. मग ही जागाच वाईट, हे हातकाम निरर्थक, बंधूंमध्ये पूर्वीसारखे प्रेम राहिले नाही, देवाची उपासना काय, कुठेही करता येते, अशी कारणे एकामागून एक सुचू लागतात. घरची माणसे आठवतात. पुढचे आयुष्य फार लांब दिसते. यातले कोणतेही कारण वरकरणी पापाचे नाही आणि धोका नेमका तेथेच आहे. इव्हॅग्रिअसचा उपाय साधा : खोली सोडू नये. अश्रू, मृत्यूचे स्मरण आणि त्या त्या विचाराला शास्त्रवचनाने दिलेले उत्तर ही त्याची साधने होत. सहाव्या शतकात त्याच्या काही मतांचा निषेध झाल्याने त्याचे पुष्कळ लेखन सिरियाक भाषांतरांतून किंवा दुसऱ्यांच्या नावावर टिकले.

जॉन कॅसियन (सु. ३६०–४३५) याने ही शिकवण मार्सेयला नेली. त्याच्या मठनियमांवरील ग्रंथाचा दहावा भाग संपूर्णपणे अकेडियावर आहे. त्यात पॉल नावाच्या तपस्व्याची हकीकत येते. तो गावापासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. विणलेला माल बाजारात नेण्याचा खर्च किमतीहून अधिक झाला असता. तरी तो रोज ठरलेले काम करी आणि वर्षाअखेर गुहा भरली की सगळे जाळून टाकी. श्रमाशिवाय साधक टिकत नाही, हा कॅसियनचा निष्कर्ष.

सवय आणि बधिरता : पापाची जाणीव कशी मरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनात (सहावा भाग) आहे. त्याचा मित्र अलिपियस कायदा शिकण्यासाठी रोमला गेला होता. ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो डोळे मिटून बसला. गर्दीतून प्रचंड आरोळी उठली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, रक्त पाहिले आणि नजर हटवू शकला नाही. पुढे तोच इतरांना झुंजी पाहायला नेऊ लागला. आठव्या भागात ऑगस्टीनने स्वतःविषयी हीच साखळी सांगितली आहे : इच्छा वाकडी होते, तिचे वासनेत, वासनेचे सवयीत आणि सवयीचे अपरिहार्यतेत रूपांतर होते.

क्लेअरव्होचा बर्नार्ड (१०९०–११५३) याने हा इशारा थेट पोपला दिला. आपला पूर्वीचा शिष्य पोप तिसरा यूजीन याच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात तो पायऱ्या दाखवतो : आधी असह्य वाटणारी गोष्ट सवयीने तितकी जड वाटत नाही, मग हलकी होते, मग जाणवतच नाही आणि शेवटी आवडू लागते. येथे पाप हा विषय नसून दरबारी कामाचा रगाडा आहे, हे महत्त्वाचे. कठीण हृदयाला आपली कठीणता जाणवत नाही, हे त्याचे निदान प्रस्तुत विषयाचा गाभाच होय.

नंतरचा विचार : पोप पहिला ग्रेगरी याने सहाव्या शतकाच्या अखेरीस आठांची यादी सातांवर आणली आणि अकेडिया खिन्नतेत मिसळला. टॉमस अक्वायनसच्या मते दैवी मंगलाविषयी वाटणारे दुःख म्हणजे अकेडिया; तो प्रीतीतून येणाऱ्या आनंदाच्या विरुद्ध आहे. दान्तेच्या शुद्धिलोकात ही माणसे चौथ्या सज्जावर अखंड धावत असतात. पोप बाराव्या पायसने १९४६ मध्ये पापाची जाणीव हरपणे हेच शतकाचे पाप ठरवले. अकेडिया व आजचे नैराश्य एकच आहे काय, यावर एकमत नाही. दोन्हींची सरमिसळ आजारी माणसावर अन्याय करू शकते.

उपाय : कॅथलिकांत वर्षातून किमान एकदा पापनिवेदन (गोव्यात ‘कुमसार’) १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून बंधनकारक आहे. इग्नेशियस लॉयोलाने रोजच्या आत्मपरीक्षणावर भर दिला.

प्रॉटेस्टंट परंपरा व महाराष्ट्र : येथे उपायाचे रूप बहुधा सामूहिक ‘संजीवना’चे, म्हणजे मंडळीतील श्रद्धा एकत्रितपणे पुन्हा जागी होण्याचे आहे. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारूनही ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, हे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी १९०७ च्या साक्षीत नमूद केले आहे. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये रोजची सामूहिक प्रार्थना सुरू केली. जूनअखेर तेथील मुली रडत पापे कबूल करू लागल्या. त्यांचे गट पुढे आसपासच्या गावांत प्रार्थना व प्रचारासाठी जात असत.