जुनोची प्रार्थना

मूकपटांचे युग सरून बोलपट आले, तेव्हा चित्रपट काढणाऱ्यांनी पहिली धाव घेतली ती नाटकांकडे. पात्रांना बोलते करायचे तर संवाद हवेत, आणि ते तयार मिळणार रंगभूमीवरच. आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) हाही जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरूनच निघाला. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांनी ‘जुनो अँड द पेकॉक’ काढला. त्याची हकीकत आमच्या वाचकांना जवळची वाटेल, असा आमचा समज आहे.

मूळ नाटक शॉन ओ’केसी यांचे. १९२४ च्या मार्चमध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात ते प्रथम रंगभूमीवर आले. लेखक प्रॉटेस्टंट घरात जन्मलेले. पण त्यांनी रंगविलेले घर मात्र पूर्ण कॅथलिक आहे. जुन्या श्रीमंती हवेलीची चाळ झालेली, दोन खोल्यांत चौघांचा संसार आणि पवित्र मरियेपुढे सतत तेवणारा दिवा. काळ १९२२ चा. ब्रिटिशांशी झालेल्या तहावरून आयरिश लोकांतच यादवी माजली होती आणि कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडीत होते.

जुनो ही या घरातील आई. जून महिन्याशी तिच्या आयुष्याचे धागे जुळले म्हणून हे नाव. रोमन पुराणात जुनो देवीचा पक्षी मोर. इथला मोर म्हणजे तिचा नवरा, ‘कॅप्टन’ बॉइल. कामाचे नाव निघाले की याचे पाय दुखू लागतात! अशी माणसे कोणत्या वाड्यात आढळत नाहीत? मुलगा जॉनी लढाईत हात गमावून बसलेला. त्याने आपल्याच सोबत्याचा, रॉबी टँक्रेडचा, घात केला आहे आणि ती टोचणी त्याला दिव्याच्या ज्योतीपाशी खिळवून ठेवते. मृत्युपत्राने श्रीमंती येणार म्हणून उधारीवर सामान येते. मृत्युपत्राच्या मसुद्यातील चुकीने सारे फसते, मुलगी मेरी फसविली जाते, शेवटी जॉनीलाही बंदूकवाले ओढून नेतात.

हिचकॉक स्वतः कॅथलिक, लंडनच्या जेज्वीट शाळेत शिकलेले. पटकथा त्यांनी पत्नी अल्मा रेव्हिल यांच्या साहाय्याने केली. त्या काळी निरनिराळे आवाज मागाहून एकत्र मिसळण्याची सोय नव्हती. जे ऐकू यायचे ते सगळे चित्रीकरणाच्या क्षणीच व्हावे लागे. एका प्रसंगात घरात नवा फोनोग्राफ वाजतो आहे, बाहेरून अंत्ययात्रा चालली आहे, मशीनगनचा खडखडाट होतो आणि कॅमेरा हळूहळू जॉनीच्या भेदरलेल्या चेहऱ्याकडे सरकतो. फोनोग्राफचा पत्र्यासारखा आवाज यावा म्हणून सामान सांभाळणारा एक कामगार नाक दाबून गात होता. शिवाय छोटा वाद्यवृंद, गोळीबाराचा आवाज काढणारा माणूस, आणि प्रार्थनागीतासाठी विसेक जणांचा गायकवृंद, असे सारे त्याच स्टुडिओत दाटीवाटीने उभे होते, अशी आठवण हिचकॉक यांनी पुढे सांगितली आहे. एरवी या बोलपटाचे त्यांना कौतुक नव्हते. लोकांनी वाहवा केली ती नाटकाची, आपण चित्रपट म्हणून त्यात काही घातले नाही, असे त्यांचे मत. आम्हांला हे थोडे कठोर वाटते. तो एक प्रसंग तरी रंगभूमीला साधला नसता.

आयर्लंडमध्ये मात्र सर्वांनाच हे चित्र रुचले नाही. दारुडा बाप आणि भांडखोर शेजारी पाहून आपल्या राष्ट्राची बदनामी झाली असे काहींना वाटले, आणि १९३० च्या नोव्हेंबरात लिमरिक शहरात जमावाने चित्रपटाची प्रत हिसकावून भर रस्त्यात जाळली.

जुनोची भूमिका केली सेरा ऑलगुड यांनी. १९२४ च्या पहिल्या प्रयोगातही त्याच होत्या. रॉबीची आई मुलाच्या अंत्ययात्रेला निघते, तेव्हा जुनो हळहळते, पण तो विरुद्ध पक्षाचा, हेही तिच्या मनात असते. पुढे स्वतःच्या मुलाचे प्रेत ओळखायला जाताना तिला ते आठवते. आपण तेव्हा त्या माउलीसाठी पुरेसे रडलो नाही, याची तिला खंत वाटते, आणि त्या आईची प्रार्थना ती स्वतः म्हणते: पाषाणहृदय काढून मांसाचे हृदय द्यावे, यहेज्केलच्या ग्रंथातील वचनाचा (३६:२६) हा प्रतिध्वनी.

बोलपट येथेच, रिकाम्या खोलीत, थांबतो. नाटकात मात्र ती निघून गेल्यावर बॉइल आणि त्याचा मित्र जॉक्सर झिंगून घरात येतात. घर ओस पडले आहे, मुलगा मेला आहे, याचा त्यांना पत्ताच नसतो. तो प्रसंग गाळल्याने प्रेक्षक डोळे पुसत घरी जाऊ शकला. ओ’केसी यांनी त्याला ती सवलत दिली नव्हती.